सोयाबीन हार्वेस्टर: सेनगावच्या शिवारात कोणती बनावट चालेल?

सोयाबीनची पाने गळून शेंगा वाळल्या की हातात फार तर आठ-दहा दिवस असतात. मजूर मिळाले तर आभाळ उघडे नसते आणि आभाळ उघडले तर मजूर दुसऱ्याच्या रानात असतात. म्हणूनच सेनगाव तालुक्यात आता ‘हार्वेस्टर बोलवायचा का?’ एवढ्यावर चर्चा थांबत नाही. ‘चाकाचा की पट्ट्याचा?’, ‘दाणा फुटतो का?’, ‘तूर असेल तर काय?’ असे पुढचे प्रश्न येतात. काही तरुण शेतकरी आणि गट तर यंत्र विकत घेण्याच्या विचारात आहेत.

या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या नावात सापडत नाहीत. ती यंत्राच्या बनावटीत आणि तुमच्या रानात असतात. पेरणीपूर्वीच हा विषय घेण्याचे कारण असे, की हार्वेस्टर चालेल की नाही याचा निम्मा निकाल पेरणीच्या दिवशीच लागलेला असतो.

गेल्या खरिपात काय बदलले?

तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, पाऊस. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पीक उभे असताना भिजले आणि ओल लवकर हटली नाही. अशा वर्षी जड यंत्र काळ्या रानात उतरवणे अवघड होते.

दुसरी, पीकविमा. खरीप २०२५ पासून राज्याने एक रुपयातील विमा बंद केला. शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पादनाशी जोडली गेली. काढणीनंतर शेतात पडलेले पीक पावसाने भिजले तर मिळणारे वेगळे संरक्षण या बदलात वगळले गेले. म्हणजे सोयाबीन कापून सुडी लावली आणि चार दिवसांनी पाऊस आला, तर त्या सुडीची जोखीम आता मुख्यतः तुमच्यावर आहे. कापणी आणि मळणी यांत जितके दिवस जातील तितकी ती वाढते. हार्वेस्टर हे दिवस शून्यावर आणतो. त्याची खरी किंमत इथे आहे.

तिसरी, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून काढणी व मळणी यंत्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे खरेदीची चर्चा वाढली. मात्र हा दिलासा किती, याचा हिशेब पुढे पाहू.

यंत्राच्या पोटात काय चालते?

कोणताही हार्वेस्टर पाच कामे करतो: कापणे, आत ओढणे, मळणे, भुशातून दाणा वेगळा करणे आणि दाणा स्वच्छ करणे. समोरची फिरकी म्हणजे रील पीक ब्लेडवर झुकवते, ब्लेडची पट्टी कापते, मळसूत्र आणि साखळी पीक आत नेतात. ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्यामध्ये शेंगा फुटतात. पुढे चाळण्या आणि पंखा हलका भुसा उडवतात आणि दाणा टाकीत चढतो.

कापणे आणि स्वच्छ करणे यांत यंत्रांमध्ये फार फरक नसतो. खरा फरक मळणे आणि वेगळे करणे या दोन कामांत आहे. सोयाबीनच्या दाण्याचे बरेवाईट तिथेच होते.

पहिली बनावट: आडवा ड्रम आणि स्ट्रॉ वॉकर

पंजाबहून येणारी १४ फुटी चाकाची यंत्रे बहुतेक या प्रकारची असतात. नाभा, भादसों, मलेरकोटला या गावांतील कारखान्यांनी ती देशभर पोहोचवली. पीक ड्रमखालून एकदाच, कमी अंतरात जाते. तेवढ्यात शेंग फुटली पाहिजे म्हणून मार जोरात बसतो. भुशात अडकलेला दाणा मागचे स्ट्रॉ वॉकर हलवून खाली पाडतात.

रचना जुनी आणि उघडी आहे. बेल्ट, चेन, बेअरिंग डोळ्यांना दिसतात. बऱ्याच यंत्रांत स्ट्रॉ वॉकरची बेअरिंग तर लाकडी ठोकळ्यांची असतात. तालुक्याच्या ठिकाणचा चांगला वेल्डर आणि लेथवाला यातली बरीच दुरुस्ती करू शकतो. उणी बाजू अशी, की हलणारे भाग खूप असतात. रोज ग्रीस, रोज ताण तपासणी हवी. वजन आठ टनांच्या आसपास असते आणि धान्याची टाकी भरली की त्यात आणखी भर पडते.

दुसरी बनावट: अक्षीय मळणी

यात पीक लांब ड्रमभोवती मळसूत्रासारखे फिरत पुढे सरकते. एका फटक्याऐवजी अनेक हलके घासे बसतात. दाणा वेगळा करण्याचे बरेचसे काम त्याच ड्रममध्ये होते, त्यामुळे स्ट्रॉ वॉकर लागत नाहीत. अमेरिकेत न्यू हॉलंडने १९७५ मध्ये दोन रोटरचे आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७७ मध्ये एका रोटरचे यंत्र बाजारात आणले. तिथल्या मका-सोयाबीन पट्ट्यात ही पद्धत रुजली, कारण दाणा कमी फुटतो.

आपल्याकडे हीच कल्पना भातासाठी आलेल्या पट्ट्याच्या लहान यंत्रांत दिसते. कापणीची रुंदी साधारण दोन मीटर, वजन तीन टनांच्या आसपास. रबरी पट्ट्यांमुळे वजन पसरते आणि ओलसर काळ्या रानात चाकाच्या यंत्रापेक्षा ते आधी उतरू शकते. मात्र जागेवर वळताना पट्टा माती खरवडतो. दगडगोट्यांच्या माळरानावर पट्टे लवकर झिजतात. डांबरी रस्त्याने ते लांब चालवता येत नाही, गावोगाव नेायला ट्रक किंवा ट्रेलर लागतो. हिरवे तण आणि ओले खोड आत गेले तर ड्रमला गुंडाळते आणि जास्त ताकद खाते.

तिसरी बनावट: ट्रॅक्टरवर बसणारा हार्वेस्टर

इंजिन तुमच्याच ट्रॅक्टरचे, त्यामुळे भांडवल कमी. पण यंत्र चढवणे-उतरवणे वेळखाऊ असते. सोयाबीन निघाले की लगेच हरभऱ्यासाठी रान तयार करायचे असते आणि तोच ट्रॅक्टर हार्वेस्टरखाली अडकलेला असतो. दुसरा ट्रॅक्टर घरात असेल तरच हा पर्याय विचारात घ्या.

गुंतागुंत किती परवडेल?

‘कमी भाग म्हणजे कमी बिघाड’ हे अर्धसत्य आहे. अक्षीय यंत्रात हलणारे भाग कमी, पण जे आहेत त्यांच्यावर भार जास्त. स्ट्रॉ वॉकरच्या यंत्रात भाग जास्त, पण एकेक भाग स्वस्त आणि गावात दुरुस्त होणारा.

गतीचा मामलाही असाच आहे. जुन्या यंत्रात गिअर आणि बेल्टने पुढे जाण्याचा वेग बदलतो. बेल्ट तुटला तर तासाभरात बदलता येतो. हायड्रोस्टॅटिक पद्धतीत तेलाच्या दाबाने वेग बदलतो. पीक दाट आले की ड्रमचे फेरे तेच ठेवून यंत्र हळू करता येते. आडव्या पडलेल्या सोयाबीनमध्ये हे फार उपयोगी. पण तेलात धूळ गेली किंवा पंप बिघडला तर गावातला मेकॅनिक हात लावू शकत नाही. नव्या इंजिनांतील इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणालीलाही कंपनीचे तपासणी उपकरण लागते.

म्हणून यंत्र घेताना किंवा ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: ऑक्टोबरमध्ये दुपारी यंत्र बंद पडले तर सुटा भाग कुठून येणार आणि बसवणार कोण? हिंगोली, रिसोड, जिंतूर किंवा परभणीत त्या कंपनीचे भाग आणि माणूस त्याच दिवशी मिळत असेल तर गुंतागुंत परवडते. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरहून दोन दिवसांनी येणार असेल तर साधे यंत्रच शहाणे.

दाणा फुटतो तो फेऱ्यांमुळे नाही, वेगामुळे

सोयाबीनचे साल पातळ आणि अंकुर सालीला चिकटून असतो. म्हणून मळणी यंत्रासाठी ३५० ते ४०० फेऱ्यांची शिफारस केली जाते. पण नुसते फेरे सांगून भागत नाही, ड्रमचा व्यास विचारावा लागतो. शेंगेवर मार बसतो तो ड्रमच्या कडेच्या वेगाने.

- ६० सेंमी व्यासाचा ड्रम, ४०० फेरे: कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२.५ मीटर.
- ६० सेंमी व्यासाचा ड्रम, ६०० फेरे: सुमारे १९ मीटर.
- ९० सेंमी व्यासाचा ड्रम, ४०० फेरे: हाही सुमारे १९ मीटर.

वेग दीडपट झाला की माराची ऊर्जा सव्वादोन पट होते. गव्हासाठी कडेचा वेग सेकंदाला २५ मीटर किंवा त्याहून जास्त ठेवतात. गव्हाच्या मापावर ठेवलेले यंत्र तसेच सोयाबीनमध्ये घातले तर डाळ होणारच.

इथे एक चूक नेहमी होते. फेरे कमी करा म्हटले की चालक इंजिनाचा वेगच कमी करतो. त्याने ड्रमबरोबर पंखा आणि चाळण्याही मंदावतात. दाण्यात भुसा येतो आणि भुशात दाणा जातो. इंजिन ठरलेल्या वेगावरच चालले पाहिजे. ड्रमचे फेरे पुली बदलून किंवा ड्रमच्या वेगळ्या लिव्हरने कमी करावेत. ही सोय ज्या यंत्रात नाही, ते सोयाबीनसाठी बोलावू नका.

पुढच्या हंगामाचे घरचे बियाणे ठेवायचे असेल तर तेवढा तुकडा हाताने कापून, वाळवून, मंद फेऱ्यांवर मळावा. हार्वेस्टरचे बियाणे वापरायचेच असेल तर पेरणीपूर्वी उगवण तपासा. १०० पैकी किमान ७० दाणे उगवले पाहिजेत. बाहेरून अख्खा दिसणारा दाणा आतून चिरलेला असू शकतो.

तुरीच्या ओळी आणि यंत्राची रुंदी

आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर असतेच. सोयाबीन निघते तेव्हा तूर उभी, फांदलेली असते. आता माप काढा. ओळीतले अंतर ४५ सेंमी धरले तर:

- ४:२ पद्धतीत तुरीपासून तुरीपर्यंत २.२५ मीटर मोकळे असतात. फांद्यांमुळे त्याहून कमी. दोन मीटरचे पट्ट्याचे यंत्रही इथे तुरीला घासते.
- ६:२ पद्धतीत ३.१५ मीटर मिळतात. लहान यंत्र जाते.
- १४ फुटी यंत्राची कापणी ४.२७ मीटर. त्यासाठी तुरीच्या दोन जोडओळींमध्ये सोयाबीनच्या किमान १० ओळी हव्यात, म्हणजे ४.९५ मीटर अंतर मिळते.

याचा अर्थ, कोणते यंत्र येणार हे जूनमध्येच ठरवा आणि त्याप्रमाणे पट्टे टाका. धुऱ्याकडे यंत्र वळायला जागा सोडा. रुंद वरंबा सरीवर पेरणी असेल तर वरंबे सारख्या उंचीचे आणि माथा सपाट हवा, नाहीतर ब्लेड एका बाजूला माती खाते आणि दुसऱ्या बाजूला शेंगा सोडते. रानातले दगड आणि धसकटे पेरणीआधी वेचा.

वाणही पाहा. खालची शेंग जमिनीला टेकलेली असेल तर कोणतेही यंत्र ती उचलत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा एमएयूएस-१६२ हा उभट वाढीचा वाण यंत्राने काढणीसाठी योग्य म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील सोयाबीन यंत्रांना जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकणारी ब्लेडपट्टी असते. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांची पट्टी ताठ असते. म्हणून सपाट रान आणि उंच शेंग यांना इथे जास्त महत्त्व आहे.

तूट डोळ्याने नाही, मोजून ठरवा

यंत्र रानात उतरल्यावर दहा मिनिटे द्या. दोरीची चौकट करा. १४ फुटी यंत्रासाठी कापणीच्या पूर्ण रुंदीएवढी लांब आणि २३ ते २४ सेंमी रुंद चौकट म्हणजे एक चौरस मीटर. दोन मीटरच्या यंत्रासाठी २ मीटर बाय ५० सेंमी.

१. उभ्या पिकात चौकट टाकून आधीच गळलेले दाणे मोजा. फुटलेल्या शेंगांतलेही धरा.

२. यंत्र थांबवून थोडे मागे घ्या. ब्लेड आणि उभे पीक यांमधल्या कापलेल्या पट्ट्यात मोजा. यातून पहिला आकडा वजा केला की पुढच्या भागाची तूट मिळते.

३. यंत्राच्या मागे, भुसा बाजूला सारून मोजा. यातून दुसऱ्या पायरीवर मोजलेली एकूण संख्या वजा केली की ड्रम आणि चाळणीची तूट मिळते.

१०० दाण्यांचे वजन ११ ग्रॅम धरले तर चौरस मीटरला १० दाणे म्हणजे एकरी सुमारे साडेचार किलो. ५० दाणे पडत असतील तर एकरी २२ किलो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते एकरी जवळपास १,२०० रुपये होतात.

सोयाबीनमध्ये बहुतेक तूट पुढच्या भागातच होते. ती जास्त असेल तर यंत्राचा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटरच्या आत आणा. रीलचा वेग यंत्राच्या वेगापेक्षा थोडाच जास्त ठेवा, ब्लेडची धार पाहा आणि कापणी खाली घ्या. दुपारच्या उन्हात शेंगा तडकत असतील तर दव हटल्यावर सकाळी आणि सायंकाळी काढा. मागची तूट जास्त असेल तर जाळीचे अंतर, पंखा आणि चाळणी तपासा. हे सगळे पहिल्या दोन तासांतच करून घ्या. रान संपल्यावर मोजून उपयोग नाही.

ओलाव्याचा हिशेब वेगळा ठेवा

सुडीत सोयाबीन वाळते, हार्वेस्टरच्या टाकीत वाळत नाही. यंत्राने काढण्यासाठी १३ ते १५ टक्के ओलावा बरा, पण हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांची अट असते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, मात्र दरवर्षी तसे होईल असे धरू नका. ताडपत्री, मोकळी जागा आणि दोन दिवसांचे ऊन यांची सोय आधी करा. कट्ट्यात भरून थप्पी लावली तर माल तापतो, बुरशी येते आणि व्यापारी भाव पाडतो. हार्वेस्टरने वाचवलेले दिवस इथे गमावू नका.

विकत घ्यावा का?

समजा, पट्ट्याच्या यंत्राची मूळ किंमत २० लाख आहे. जुन्या करात २ लाख ४० हजार भरावे लागले असते, आता १ लाख. म्हणजे यंत्र २१ लाखांना पडले आणि १ लाख ४० हजार वाचले. घसारा आणि व्याज मिळून वर्षाला १८ टक्के धरा: ३ लाख ७८ हजार रुपये. डिझेल, चालक आणि दुरुस्ती वेगळी.

आता एकर मोजा. दोन मीटरचे यंत्र ताशी साधारण एक एकर काढते. सोयाबीनचे १५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १२० एकर. एवढ्यावर थांबलात तर एकरी ३,१५० रुपये नुसता स्थिर खर्च येतो. गहू-हरभऱ्याचे आणखी १०० एकर मिळाले तर तो १,७१८ रुपयांवर येतो. करातली बचत मात्र या हिशेबात एकरी सव्वाशे रुपयांहूनही कमी भरते. म्हणजे यंत्र तारते ते दुसऱ्या हंगामाच्या कामाने, करसवलतीने नाही. गावात यंत्राने काढता येईल असा हरभरा किती आहे ते आधी पाहा. पसरट वाणात यंत्र चालत नाही. फुले विक्रमसारखा उंच वाण हवा.

खरेदीपूर्वी हिस्सार किंवा बुदनी येथील केंद्रीय यंत्र चाचणी संस्थेचा अहवाल मागा आणि चाचणी कोणत्या पिकावर झाली ते वाचा. गव्हातला चांगला आकडा सोयाबीनला लागू होत नाही. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा तालुका कृषी कार्यालयाशी बोलून अनुदानाची स्थिती समजून घ्या आणि मंजुरीच्या आधी पैसे गुंतवू नका.

जे हिशेबात दिसत नाही

हार्वेस्टर आला की कापणीची मजुरी जाते. ती मजुरी मुख्यतः गावातल्या बायांची असते आणि दिवाळीच्या तोंडावरचा तो मोठा पैसा असतो. यंत्र अडवून हे सुटणार नाही. पण बियाण्याचा तुकडा, तुरीतल्या अरुंद पट्ट्या, कडेची आणि पाणथळ जागा, माल वाळवणे आणि निवडणे ही कामे हातानेच चांगली होतात. ती योग्य मजुरीने त्यांनाच द्या. पुढे हळद काढणीला याच बाया लागणार आहेत.

दुसरे म्हणजे कुटार. हडंब्यावर मळले की कुटार एका जागी मिळते. हार्वेस्टर ते रानात पसरवतो. जमिनीला ते चांगले, पण दावणीची जनावरे असतील तर काही भाग हडंब्यावर काढा. पसरलेले कुटार पेटवू नका.

तिसरे म्हणजे तण. हे यंत्र अनेक गावे फिरून येते. रानात घालण्यापूर्वी पुढचा भाग, चाळण्या आणि टाकी झाडून घ्यायला लावा.

कोणी काय करावे?

- सलग सोयाबीन, मोठे सपाट रान, कोरडे वर्ष: १४ फुटी चाकाचे यंत्र. ताशी अडीच-तीन एकर निघतात. ड्रमच्या फेऱ्यांची सोय पाहून घ्या.
- लहान तुकडे, ओलसर काळी जमीन, ६:२ तूर: पट्ट्याचे अक्षीय यंत्र.
- ४:२ तूर, माळरान, दगड, जास्त तण किंवा बियाण्याचा प्लॉट: हाताने कापणी आणि मंद फेऱ्यांवर हडंबा. कापणी आणि मळणी यांत दोन-तीन दिवसांहून जास्त अंतर नको आणि ताडपत्री हाताशी हवी.
- खरेदीच्या विचारातले गट: आधी दोन्ही हंगामांचे एकर लिहून काढा, मग यंत्र बघा.

विस्तार कार्यकर्त्यांनी जूनमध्येच गावनिहाय यादी करावी: सलग सोयाबीन किती, कोणत्या पट्ट्यांत तूर किती, कोणत्या रानात यंत्र उतरते. त्या यादीवर गावाने एकत्र बोलणी केली तर हार्वेस्टरवाल्याला सलग काम मिळते आणि तुम्हाला दर ठरवता येतो. ऑक्टोबरमध्ये आभाळ भरून आल्यावर एकट्याने फोन करणाऱ्याला मिळेल ते यंत्र मिळेल त्या दराने घ्यावे लागते.